दुसरं कडवं

सुरतच्या शाळेत तीस वर्षं समूहगान शिकवून निवृत्त झालेल्या सुधाताईंनी फोनच्या व्हिडिओ कॉलवरच बायकांचा गायनवृंद सुरू केला. कतारगामपासून बारडोलीपर्यंतच्या चाळीस जणी रोज संध्याकाळी सरावाला जमायच्या. पण फोनवर आवाज मागेपुढे पोचतो, म्हणून सगळ्यांचे माइक बंद ठेवावे लागत. आठ महिने एकच गाणं बसवताना ताईंनी नुसते हलणारे ओठ पाहिले होते. चाळीस जणींचा सूर एकत्र कधी ऐकलाच नव्हता.

म्हणून पहिल्या जाहीर कार्यक्रमात त्यांनी जरा भीतभीतच हात उचलले. पहिलं कडवं झकास झालं. दुसऱ्याला मात्र भरलेलं सभागृह बघून पुढच्या रांगेतली सुंदरा अडखळली आणि तिच्यापाठोपाठ सगळ्याच गप्प झाल्या. ताईंना वाटलं, संपलं आता.

तेवढ्यात सुंदराचा नवरा हिलाल, लूमच्या कारखान्यातून तसाच आलेला, प्रेक्षकांतून उठला.

"काबरं थांबनी व? पुढलं माले येस!" म्हणत त्याने खणखणीत आवाजात दुसरं कडवं उचललं. मग कुणाची सासू गाऊ लागली, कुणाची मुलं, कुणाचे बँकेतले मिस्टर. माइक बंद होते ते फक्त ताईंपुरते. त्या चाळीस घरांत आठ महिने दुसरं काही वाजलंच नव्हतं.


सुधाताई प्रेक्षकांकडे वळल्या, दोन्ही हात उचलले आणि म्हणाल्या, "आता तिसरं! सासूबाईमंडळी, जरा वरच्या पट्टीत!"