दोन शहरांत जपलेली गाणी

आमच्या बोलीतली लग्नाची गाणी जपायला गावच्या मंडळाने क्लाउडवर जागा घ्यायचं ठरवलं, तेव्हा मंडळाचं कॉम्प्युटरचं काम बघणारा विरारचा कौस्तुभ सगळ्यात स्वस्त प्लॅन घेऊन आला. एक कॉपी मुंबईत, दुसरी चेन्नईत. "चुकून डिलीट झालेलं परत मिळतं, तो प्लॅन घ्या," मी म्हटलं. तो हसला. "मॅडम, दोन्ही शहरं एकदम बुडणार आहेत का? उगाच जास्तीचा खर्च." मंडळाने माना डोलावल्या.

मग मी माहेरी वटारला जाऊन आईची एकोणीस गाणी फोनवर रेकॉर्ड केली. तिच्या मांडीवर माझी तान्ही मेलिसा होती, प्रत्येक कडव्याला हुंकार देणारी. सगळी गाणी क्लाउडवर चढवली आणि फोन भरला म्हणून त्यातली काढून टाकली. दोन शहरांत होती ना!

काल कौस्तुभने जागा मोकळी करताना नेमका आमचा फोल्डर डिलीट केला. मुंबईत जो बदल होतो, तोच चेन्नईत आपोआप होतो. त्यामुळे तिथलीही कॉपी त्याच मिनिटाला गेली.

मेलिसाला पाजता पाजता मी फोनवर त्याच्यावर ओरडले, तरी त्याचा आवाज गोडच. "एवढं काय तापता, मॅडम? आईंना गाणी पाठ आहेत ना? रविवारी चांगला माइक घेऊनच येतो. परत गायला सांगा त्यांना."

"या ना," मी म्हणाले. "सकाळी आठला, चर्चमध्ये. आईला जाऊन महिना होतोय, तिच्या आत्म्यासाठी मिस्सा आहे."