मामाची पसंती

मामाने लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला, कलिंगड तोलावं तसा तोलला आणि त्याच्या पाठीवर बोटाचं पेर वाजवून पाहिलं. आवाजावरून काय कळलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. "मजबूत आहे," तो म्हणाला. दुकानातल्या विक्रेत्याने अदबीने मान हलवली. असे मामा त्याच्याकडे रोज येत.

भाचीला विद्यापीठात संगणकशास्त्राला प्रवेश मिळाला होता. सोमवारी वर्ग सुरू होणार, त्याआधी लॅपटॉप हवा. आणि घराण्याची रीत अशी, की विजेवर चालणारी कुठलीही वस्तू मामाला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. ही गादी त्याला मिळाली ती एका कागदामुळे. फार वर्षांपूर्वी त्याच्या ऑफिसातला प्रिंटर बंद पडला होता. मामाने झाकण उघडून अडकलेला कागद ओढून काढला आणि प्रिंटर सुरू झाला. त्या कागदाच्या पुण्याईवर तो आजवर निभावून नेत होता.

आता, बारकाईने पाहिलं तर मामाने सांगितलेलीच वस्तू घरात येई असं नव्हतं. बहिणीला सांगितलेला फ्रिज नेमका दुकानात संपला. मेहुण्यांना सांगितलेला टीव्ही भिंतीवर मावेना. मावशीला सांगितलेल्या मोबाइलचा रंग पसंत पडला नाही. असल्या फुटकळ गोष्टी मामा मनाला लावून घेत नसे. विचारायला येतात ना, मग झालं. आणि खरोखरच, नातेवाइकांत कुणाची वस्तू वाईट निघाली असं कधी ऐकू आलं नव्हतं. ते सगळं यश तो बिनदिक्कत स्वतःच्या खात्यावर जमा करी. त्याच्या स्वतःच्या घरातला फ्रिज तेवढा गळायचा. पण वैद्याच्या घरी खोकला असायचाच.

आज मात्र गोष्ट वेगळी होती. भाची आता संगणक शिकणार. दिवाणखान्यात सगळ्यांसमोर एक साधा प्रश्न विचारेल आणि मामाची अक्कल त्या कागदापुरतीच आहे हे उघडं पडेल. मग "मामा, जरा विचारायचं होतं" म्हणत शेजारी खुर्ची ओढून कोण बसणार? धास्तीने तो नेहमीपेक्षा जास्त ठणकावून बोलत होता. त्याने एक चकचकीत लाल लॅपटॉप हेरला. उघडला की बटणांखाली रंगीबेरंगी दिवे लागत. एवढे दिवे आहेत म्हणजे आत ताकद असणारच, असा निकाल त्याने देऊन टाकला. बरोबर आलेल्या बहिणीने, म्हणजे भाचीच्या आईने, तो लाल लॅपटॉप नीट पाहून ठेवला.

तेवढ्यात तिला फोन आला आणि ती बोलत बोलत दाराबाहेर गेली. भाचीने मामाची बाही धरली आणि त्याला कोपऱ्यातल्या एका काळ्या लॅपटॉपपाशी नेलं. रूप म्हणाल तर कचेरीतल्या जुन्या फायलीसारखं. हा जरा जाड आहे, दिवेही नाहीत, दिसायलाही यथातथाच, असे त्याचे अवगुण तिने स्वतःच वाचून दाखवले आणि आशेने मामाच्या तोंडाकडे पाहिलं. मग इथे का उभी आहेस, असं त्याने विचारलं. तेव्हा ती हळूच बोलायला लागली. पुढे रॅम वाढवता येते. बटणं हाताला छान लागतात, दिवसभर टाइप केलं तरी बोटं दुखत नाहीत. वरच्या वर्गातल्या मुली हाच वापरतात, तिने त्यांच्याकडे बसून पाहिला होता. बोलताना तिची बोटं बटणांवरून फिरत होती.

मामाला त्यातलं निम्मंही कळलं नाही. पण एवढं कळलं, की ही माहीत असलेलं बोलतेय आणि आपण इतकी वर्षं नुसते बोलत आलो. आज एकदा तरी खरं बोलावं असं त्याने ठरवलं.

"तुला हाच हवा ना? मग हाच घ्यायचा," तो म्हणाला. "मला काय कळतंय यातलं? आईला सांगतो मी, हाच घे म्हणून."

भाची गळ्यात पडेल असं त्याला वाटलं होतं. तिचा चेहराच उतरला.

"मामा, पाया पडते, हो म्हणू नकोस. तू हो म्हणालास की आई ती वस्तू घेतच नाही. आपल्याकडे कुणीच घेत नाही."

मामाने मागच्या खरेद्या एकेक करून आठवल्या. म्हणजे फ्रिज संपला नव्हता. भिंतही लहान नव्हती. इतक्या वर्षांची जमा एका फटक्यात नावे पडली, आणि घरचा गळका फ्रिज तेवढा हिशेबात चोख बसला.

"काय रे दादा, काय ठरलं?" बहीण परत आली होती. भाची फरशीकडे बघत होती.

मामाने घसा खाकरला. काळ्या लॅपटॉपच्या पाठीवर पेर वाजवलं, कान लावला, तोंड वाकडं केलं. आपण काय सांगतोय हे आयुष्यात पहिल्यांदाच त्याला पक्कं माहीत होतं.

"हा मुळीच घेऊ नकोस. पोकळ आहे. तो लालच घे."

बहिणीच्या कपाळावरची आठी गेली. भावाला तिने पंख्याखालच्या खुर्चीत बसवलं, पाणी मागवून दिलं आणि विक्रेत्याशी काही तरी कुजबुजली. थोड्या वेळाने ती पिशवी घेऊन आली. पिशवीतून काळ्या लॅपटॉपचा खोका डोकावत होता आणि तिच्यामागे भाची ओठ दाबून हसू आवरत होती.

"तुझा तो लालच घेणार होते रे दादा, पण रंग जरा भडक वाटला," बहीण म्हणाली. "आणि हे बघ, पुढच्या महिन्यात मिक्सर घ्यायचाय. तू ये बाबा बरोबर. तुला विचारल्याशिवाय मी नाही घेणार."