ओळंब्याची दोरी

मुलीनं हत्यारांची पिशवी जमिनीवर उलटी केली. थापी, हातोडी, पाणसळ, सिमेंटनं ताठ झालेला एक रुमाल. दारूची बाटली नव्हती.

“तिथे कशी सापडेल?” आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. “तीस वर्षं भिंती बांधल्यात त्यांनी. लपवायच्या जागा तुला कळणार की त्यांना?”

वडील खुर्चीत बसले होते. दोन्ही तळवे गुडघ्यांवर, नजर समोर. आपल्याबद्दल बोलणं चाललं आहे हे जणू त्यांच्या गावीच नव्हतं.

आठ वाजता मुकादमाचा फोन येणार होता. पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या मजल्याला बांधलेल्या बांबूंच्या परांचीवर वडील झुलताना त्याला दिसले होते. त्यानं त्यांना खाली उतरवलं आणि घरी पाठवलं. “घेतली होती थोडी,” असं त्यांनी स्वतःच कबूल केलं होतं म्हणे. जुनी ओळख म्हणून मुकादम एवढंच म्हणाला, “तुमची मुलगी मास्तरीण आहे. पंधरा दिवसांनी फोन करतो. सुटली म्हणून ती सांगू दे, लगेच चढा वर.”

म्हणून ती काल दुपारीच आली होती. आल्या आल्या तिनं बाहेरच्या दाराला आतून कुलूप घातलं आणि रात्री किल्ली उशाखाली घेऊन झोपली. तरी सकाळी न्हाणीघरातून येताना वडिलांचा झोक गेलाच. आईनं लगेच त्यांच्या तोंडाजवळ नाक नेलं.

“लवंग,” ती म्हणाली. “माणूस लवंग कशाला चघळतो?”

“दात दुखतो.”

“दोन महिने एकच दात दुखतोय. दुसऱ्या कुणाचा असता तर एव्हाना पडला असता.” मग मुलीकडे वळून, “नाकासमोर चालणारा माणूस म्हणून दिलं हो मला यांना.”

कुठेतरी पाणी मुरत होतं. पॅसेजच्या टोकाला, न्हाणीघराच्या चौकटीवर वडिलांनी ओळंबा टांगून ठेवला होता. वरून सरळ खाली आलेली पांढरी दोरी आणि तिच्या टोकाला पितळी वजन. भिंत कलली आहे, लक्ष ठेवतोय, असं ते सांगत. मुलीनं मघाशीच पाणसळ उभी धरून भिंत तपासली होती. बुडबुडा बरोबर मध्ये. भिंत केसभरही कललेली नव्हती.

“बाबा, उठा,” ती म्हणाली. “या फरश्यांच्या सांध्यावरून न्हाणीघरापर्यंत चालून दाखवा. एका पावलापुढे एक.”

वडील उठले. क्षणभर उभे राहिले आणि चालू लागले. टाचेला अंगठा लावत, आठ फरश्या. रेषेबाहेर एक बोट गेलं नाही.

“बघ,” आई म्हणाली. “मनात आणलं की येतं.”

मुलीला हायसं वाटलं. घड्याळात आठला पाच कमी होते. “आता असेच माझ्याकडे परत या.”

ते वळले आणि त्यांचा हात भिंतीवर गेला. तेव्हा तिला दिसलं, कंबरेच्या उंचीवर, पॅसेजभर, बोटांचा मळकट पट्टा उमटला होता. जाताना त्यांना भिंत लागली नव्हती. जाताना समोर दोरी होती.

“ही दोरी मी काढते.”

“राहू दे.” सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

“का? काय ठेवलंय हिच्यामागे?” तिनं न्हाणीघराचं दार ढकललं. बादली, पाट, साबण. टाकीचं झाकणही उचलून पाहिलं. काही नव्हतं. ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. “पाय जुळवा. हात अंगाला. आता डोळे मिटा. सातवीच्या मुलांना करायला लावते मी हे.”

“डोळे मिटून कुठला गवंडी भिंत बांधतो गं?”

“भिंत नाही बांधायची. नुसतं उभं राहायचं.”

त्यांनी डोळे मिटले. ती मनात तीनपर्यंत मोजते न मोजते तोच ते कलंडले. गुडघा वाकला नाही, हात पुढे आला नाही. पायाखालची फळी कुणी ओढून घ्यावी तसे, अख्खेच्या अख्खे. तिनं खांद्यानं त्यांना पेललं. डोळे उघडताच त्यांनी आधी दोरी शोधली.

“सरळ आहे का मी?”

“आहात.”

“मला कळत नाही. डोळे मिटले की वर कुठे, खाली कुठे, काही लागत नाही. अंधारात तर पायच नसतात मला.” ते दोरीकडेच बघत होते. “गरगरलं की मळमळतं. लवंग त्यासाठी.”

“मग मुकादमाला घेतो म्हणून का सांगितलंत?”

“पिणाऱ्यानं सोडली म्हटलं की पुन्हा वर चढवतात, पोरी. असं होणाऱ्याला कोण चढवेल?”

आतल्या खोलीत फोन वाजायला लागला. मुलगी हलली नाही. तिच्या खांद्यावर त्यांचा सगळा भार होता.

आईनं ओले हात पदराला पुसले. ती पुढे आली, तिनं त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्यांच्या तोंडाजवळ नाक नेलं. एकदा. मग पुन्हा, खोल श्वास घेऊन.

“घेतलीय ना हो थोडी?” ती म्हणाली. “सांगा ना, घेतलीय.”