गल्ली घरी येते

सकाळी मुलीचा फोन आला तेव्हा तो बायकोचे केस विंचरत होता. बाळ रांगायला लागलंय, एकदा तरी येऊन बघा, असं मुलगी पुन्हा म्हणाली. त्यानंही पुन्हा तेच सांगितलं. आईला सोडून कसा येणार?

बायको जिन्यावरून पडली त्याला दोन वर्षं होत आली. हाड मोडलं नव्हतं, डॉक्टरही बुचकळ्यात पडले, पण पायांतलं बळ गेलं ते गेलंच. दुकानांच्या पाट्या रंगवायचं काम त्यानं सोडून दिलं. तिला उचलून खुर्चीत बसवणं, न्हाऊ घालणं, सगळं तोच करायचा. मदतीला बाई ठेवू म्हटलं की तिचा चेहरा पडे. घरात कुणी आलेलंही तिला नको असे.

तिची खोली मागच्या अंगाला. खिडकी उघडली की समोर भिंत. म्हणून दुपारी तिचा डोळा लागला की तो वही-पेन्सिल घेऊन नाक्यावर जायचा आणि तिच्यासाठी गल्ली कागदावर उतरवून आणायचा. मान वेळावत भाव करणारी फळवाली, फोनवर हातवारे करून भांडणारा कुरिअरवाला, पायरीवर ताणून दिलेलं कुत्रं. दोन मिनिटांत एक. आयुष्यभर अक्षरं मापात काढलेला हात इथं मोकाट सुटायचा.

ती एकेक चित्र बघून खुदकन हसायची. त्या हसण्यासाठीच तर सगळा खटाटोप. काल तिला घरी ठेवून, तिच्या तपासण्यांच्या कागदांपायी त्याचा अख्खा दिवस दवाखान्यात गेला होता, त्यामुळे आज त्यानं जरा जास्तच काढली.

संध्याकाळी तो तिच्या पायांना तेल चोळत बसला. ती उशीला टेकून चित्रं चाळत होती. किल्ल्या बनवणाऱ्या माणसाच्या चित्रावर थांबली. कानस हातात, मान खाली, स्टुलावर बसलेला.

"हुबेहूब आलाय हो," ती जांभई देत म्हणाली. "पण चालताना केवढा लंगडतो, ते कुठं दिसतंय?"

"बसलेल्या माणसाचं लंगडणं कसं काढणार गं?" तो हसत म्हणाला.

तीही हसली आणि पुढचं पान उलटलं.

त्याचे हात हळूहळू थांबले. लंगडण्याचं तो तिला बोलला नव्हता. आणि किल्लीवाला आजच त्याला म्हणाला होता, या नाक्यावर बसायला लागलोय ते कालपासून.