मागची भिंत

"दिव्याखाली खिळ्यांची वळ व्हती, ती राहिली की रं," म्हातारा म्हणाला आणि त्याने स्क्रीनवर बोट टेकवलं.

कुलदीपचा माऊसवरचा हात थांबला. दिव्याखाली खिळ्यांची ओळ होतीच. ती त्याने कालच मुद्दाम पुसून टाकली होती.

म्हणजे आजही हा माणूस चुकला नव्हता.

तीन आठवड्यांपूर्वी हा माणूस पुनावळ्यात त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. मी ज्योतीराम, म्हणाला, तुझा बाप. पस्तीस वर्षांपूर्वी, कुलदीप रांगत असताना, घर सोडून गेलेला बाप. आणि परतायला त्याने मुहूर्तही नेमका शोधला होता. हायवेलगतच्या त्यांच्या शेताला बिल्डरची मागणी आली होती आणि सातबाऱ्यावर अजून ज्योतीरामचंच नाव होतं. सोमवारी सह्या होत्या. एकदा सह्या झाल्या की खरा कोण नि खोटा कोण, हे विचारून उपयोग नव्हता.

कुलदीप चाकणच्या एका कंपनीत डिझाइनला होता. आठवडाभर कंपनीचे सुटे भाग काढायचे आणि रविवारी 'अंतराळ चौकी'. ही जुनी टीव्ही मालिका पिंपरीतल्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये शूट झाली होती. यान म्हणजे काय, तर प्लायवुडच्या भिंती, भंगारातले मीटर आणि वरून चंदेरी रंग. बाप त्या सेटवर फिटर होता आणि आई रंगकामाला. शूटिंग संपलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला, असं आई सांगायची. बापाचा एक धड फोटो घरात नव्हता, म्हणून कुलदीप बापाने जोडलेलं यानच कॉम्प्युटरवर उभं करत बसला होता, अगदी खिळ्यासकट. प्लायची शीट चार फूट रुंद असते. तिचे सांधे मोजले की बाकी सगळी मापं निघतात.

आता त्याच मॉडेलवर तो बापाची परीक्षा घेत होता.

दुसरा मार्गही होता. "रक्त तपासून घेऊ," असं त्याने पहिल्याच दिवशी आईला सुचवलं होतं. दुर्गाबाई उसळलीच.

"नवऱ्याची तपासणी करू व्हय रं? गावात तोंड कसं दावू?"

पण आई घाबरलेली होती, हे त्याला रोज दिसत होतं. तसं पाहिलं तर म्हातारा गरीब वाटायचा. व्यसन नाही, आवाज नाही, सकाळचं दूध आणून द्यायचा. तिसऱ्या दिवशी तर त्याने मायेनं विचारलं होतं, "ह्यो हात असा वाकडा कशानं झाला गं?"

"पडले," एवढंच म्हणून आई आत निघून गेली होती.

दोघं मॉडेल बघायला बसले की ती दारात उभी राहायची. कुलदीपने यान फिरवून मागची भिंत समोर आणली की ती दाराआड सरकायची. या माणसाला ती किती भिते, या विचाराने कुलदीपचा जीव तुटायचा. स्वतःच्या घरात आई अशी अंग चोरून वावरतेय आणि आपल्याला काही करता येत नाही, याची त्याला लाज वाटायची.

खिळे पाठ करता येतात. मालिकेचे सगळे भाग आता मोबाइलवर फुकट बघायला मिळतात. पण काल रात्री कुलदीपला सांधे मोजताना एक गोष्ट सापडली होती, जी नुसती बघून कुणाच्या लक्षात आली नसती. सहाव्या भागापर्यंत यानाची खोली सोळा फूट लांब होती. मागच्या भिंतीच्या पायथ्याशी फळ्यांची दोन फुटी पट्टी दिसायची. फळ्यांखाली कारखान्यातल्या जुन्या प्रेस मशीनचा खोल खड्डा होता. सातव्या भागापासून खोली चौदा फुटांची झाली. ती अख्खी भिंत कुणीतरी दोन फूट पुढे आणली होती आणि फळ्या तिच्यामागे गेल्या होत्या.

कुलदीपने आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"आणि ही मागची भिंत? इथंच होती का शेवटपर्यंत?"

"व्हय तर. सोळा फूट." म्हातारा हसला. "शेवटच्या दिसापत्तुर जागची हालली न्हाई. म्याच ठोकली व्हती न्हवं!"

दारातून आई नाहीशी झाली.

कुलदीप तिच्यामागोमाग स्वयंपाकघरात गेला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"आई, हा बाबा नाही. पक्कं झालं. सातव्या भागापासून ती भिंत पुढं आलीय आणि ह्याला पत्ताच नाही."

दुर्गाबाईने गॅस बंद केला. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "पयल्या दिसापासनं."

"काय? मग बोलली का नाहीस? सोमवारी तो सह्या करून मोकळा होईल, अगं!"

"करू दे. जमीन गेली तर जाऊ दे. नवरा घरात बसलाय म्हनल्यावर त्याला कोन हुडकत न्हाई." तिने वाकडा हात पदरात घेतला. "तू तेवढं ते यान पुसून टाक. माझी शप्पत हाय."

कुलदीपला काही उमजेना. "यानाचं काय मधेच? त्याच्यावरूनच तर हा सापडला. बाबा असते तर त्यांना भिंतीचं माहीत नसतं का?"

"नसतं," दुर्गाबाई म्हणाली. "भिंत म्या पुढं घ्यायला लावली, तवा तुझा बाप फळ्यांखाली व्हता."