सांगाड्यांच्या दालनात

संग्रहालयाच्या नव्या संचालकांनी सातही कर्मचाऱ्यांना सांगाड्यांच्या दालनात बोलावलं आणि नोकरी संपल्याची पत्रं हातात ठेवली.

"मनाला लावून घेऊ नका," ते हसत म्हणाले. "काळाप्रमाणे जे बदलत नाहीत, ते डायनासोरसारखे नामशेष होतात."

तीस वर्षं तिथलीच डायनासोरची हाडं पुसणाऱ्या मावशींचं डोकं फिरलं.

"माहीत नसेल तर बोलू नका, साहेब! कोट्यवधी वर्षं बदलत बदलतच टिकले होते ते. वरून दगड आदळला म्हणून मेले. बिळातले उंदराएवढे सस्तन प्राणी वाचले, म्हणून आज तुम्ही-आम्ही आहोत."

"म्हणजे शेवटी लायक तेच टिकले ना?"

मावशींनी पत्र त्यांच्याच हातात कोंबलं.



"टिकले ते टिकले. पण जो आदळला, त्या दगडाला आजवर कुणी हुशार म्हटलेलं नाही!"