मोठी बाहुली

मोठ्या बाहुलीनं छोटीला खाटेवर आडवं पाडलं, तिचे हात दाबून धरले आणि कानात कुजबुजली, "रडायचं नाही हं. शहाणी ना माझी ती?"

छोटी रडली नाही. मग भिंगरीनं मोठीला उचललं आणि कपाटामागे ढकलून दिलं.

समोर जमिनीवर बसून खेळताई ठोकळे रचत होती. तिचा हात थांबला.

"मोठी वाईट आहे का गं?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"खोटारडी आहे," भिंगरी म्हणाली.

मुलांच्या वॉर्डातली ही खेळखोली खेळताईनं हट्टानं उभी केली होती. औषधानं जखम भरते, भीती मात्र खेळूनच जाते, हे ती भेटेल त्याला ऐकवायची. आठ वर्षांत तिचा वॉर्डात दबदबा झाला होता. सुई पाहून पलंगाखाली शिरणारी मुलं तिच्या बोटाला धरून निमूट इंजेक्शनला, पट्टी बदलायला जायची. थोरल्या सिस्टर म्हणायच्या, "आम्ही नुसतं दारात उभं राहिलो तरी पोरं भोकाड पसरतात. तुझ्यामागून कोकरासारखी येतात. काय जादू करतेस, कोण जाणे!"

भिंगरी पाच वर्षांची. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजलेला. शेजारच्या मावशींकडे खेळताना कढत पाण्याची बादली लवंडली, असं आईनं लिहून दिलं होतं. आई कारखान्यात शर्ट शिवायची. पाळी संपली की धापा टाकत यायची आणि आल्या आल्या कुणावर तरी खेकसायची. चादर ओलीच कशी, पोरगी उपाशी कशी. भिंगरीलाही सोडायची नाही. "बादलीजवळ जाऊ नकोस म्हणून हजारदा सांगितलं होतं ना?" एवढं ओरडून झालं की तिच्याच उशीत तोंड खुपसून बसायची.

खेळताईनं चार दिवस तोच खेळ पाहिला. तीच मोठी, तेच दाबलेले हात, तेच गोड बोलणं. पाचव्या दिवशी तिचं डोकं सणकलं. ती तडक मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

"त्या पोरीचा हात भाजलेला नाही. भाजवलाय. आईनंच."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाहुल्यांच्या खेळावरून आईला गुन्हेगार ठरवायचं?"

"मग कशावरून ठरवायचं? दुसरा हात भाजल्यावर? मोठी माणसं खोटं बोलतात, डॉक्टर. खेळणारं मूल खोटं बोलत नाही. लिहून घ्या हवं तर."

डॉक्टरांनी संध्याकाळी आईला बोलावून घेतलं. खेळताई खिडकीशी हाताची घडी घालून उभी राहिली.

"मी?" आईला आधी कळेचना. मग ती खुर्ची मागे ढकलून उठली. "अहो, मी मशीनवर होते तेव्हा. मावशींचा फोन आला, तशी अंगावरचे दोरेसुद्धा न झटकता धावले. घरी असते तर त्या पाण्याखाली माझा हात घातला असता!"

"मग ती घाबरते कोणाला?" खेळताईनं विचारलं.

"मला काय विचारता? दिवसभर तुमच्याच ताब्यात असते ना ती!"

"चोराच्या उलट्या बोंबा," खेळताई डॉक्टरांकडे वळून म्हणाली, आईला ऐकू जाईल अशा बेतानं.

चौकशी होईपर्यंत आईनं लेकीला फक्त काचेतून पाहायचं, असं ठरलं. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर गेलीच नाही. वॉर्डाच्या काचेला कपाळ टेकून उभी राहायची. सिस्टर हटकायच्या, ती भांडायची, पुन्हा तिथंच येऊन उभी राहायची. आत भिंगरीनं जेवण सोडलं. खेळताई न्यायला आली की ती पलंगाचा दांडा घट्ट धरून ठेवायची.

"बघितलंत? काचेआडूनसुद्धा धाक घालते बाई," खेळताई थोरल्या सिस्टरना म्हणाली. "असल्यांना मूल होतं तरी कसं!"

थोरल्या सिस्टरनी पट्ट्यांचा ट्रे उचलला आणि त्या कामाला निघाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी बालकल्याण विभागाच्या बाई आल्या. केस पिकलेल्या, पायांत साध्या चपला. त्यांनी चपला खेळखोलीच्या दाराबाहेर काढल्या आणि त्या थेट फरशीवर मांडी घालून बसल्या. आईला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, अशी ताकीद दिली. डॉक्टर भिंतीला टेकून उभे राहिले. खेळताईनं बाहुल्या मांडून दिल्या.

भिंगरीनं मोठीला उचललं. छोटीला आडवं पाडलं. हात दाबले. "शहाणी ना माझी ती?"

कोपऱ्यात आईनं तोंडात पदर कोंबला.

"भिंगरी," बाई हळूच म्हणाल्या, "ही मोठी कोण गं?"

भिंगरीनं आईकडे पाहिलं. डॉक्टरांकडे पाहिलं. छोटीला पोटाशी घट्ट धरलं.

खेळताईला राहवलं नाही. ती गुडघ्यांवर पुढे सरकली आणि हसून म्हणाली, "सांग राणी. आता तुला कुणी काही करणार नाही. मी आहे ना!"

भिंगरी झटकन उठली आणि बाईंच्या पाठीमागे जाऊन दडली. त्यांच्या खांद्यावरून तिचं एक इवलंसं बोट वर आलं.

"ही," ती म्हणाली. "खेळायला चल म्हणते, आणि पट्टी ओढायच्या खोलीत नेऊन धरून ठेवते."